परिकल्पना परीक्षणाचा सराव: उदाहरण सोडवण्याआधी मांडायला शिका

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे: संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम तुम्ही पूर्ण केला आहे आणि टी-कसोटी, झेड-कसोटी, काय-वर्ग कसोटी यांची पुस्तकातली उदाहरणे तुम्हाला बिनचूक सुटतात. मात्र कामाच्या ठिकाणी कोणी दोन महिन्यांचे आकडे पुढे ठेवून ‘यात खरोखर फरक पडला आहे का?’ असे विचारले, की कोणती कसोटी लावावी हेच सुचत नाही. म्हणून रोजच्या व्यवहारातील आणि व्यवसायातील सरावाची उदाहरणे कुठून मिळवावीत, कसोटी निवडण्याचा एखादा तक्ता आहे का, आणि ही उदाहरणे हाताने सोडवावीत की संगणकावर, अशी तुमची विचारणा आहे.

तक्ता आहे आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या शेवटी सापडेल. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी तो टेबलासमोरच्या भिंतीवर लावला होता, पण त्याचा उपयोग फारसा झाला नाही, कारण माझी अडचण तिथे नव्हती आणि माझ्या अंदाजाने तुमचीही नाही. पुस्तकातले उदाहरण तुमच्यापर्यंत येते तेव्हा त्यातले अवघड काम लेखकाने आधीच उरकलेले असते. काय मोजायचे, कशाची तुलना कशाशी करायची, एक निरीक्षण म्हणजे नेमके काय, नमुना कसा निवडला गेला, हे सगळे त्याने ठरवलेले असते आणि तुमच्यासाठी फक्त आकडेमोड उरते. कामाच्या ठिकाणी नेमके उलटे घडते. आकडेमोड संगणक क्षणात करतो आणि लेखकाने जे केले ते तुम्हाला करावे लागते. म्हणून शंभर तयार उदाहरणे सोडवण्यापेक्षा दहा उदाहरणे स्वतः मांडण्याचा सराव करा, असा माझा सल्ला आहे.

मी आजही आकड्यांची फाइल उघडण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर थोडे लिहून काढतो. उत्तर ‘फरक आहे’ असे आले तर कोण काय वेगळे करणार आहे, किती मोठा फरक आपल्या दृष्टीने दखल घेण्याजोगा आहे, एक निरीक्षण कशाला म्हणायचे, आणि ही निरीक्षणे आपल्या हाती कोणत्या वाटेने आली. एवढे लिहून झाले की शून्य परिकल्पना, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हे गृहीतक, ज्याला आपण बोलताना नल हायपोथिसिस म्हणतो ते, बहुतेक वेळा आपोआप समोर उभी राहते आणि कसोटीही त्याच्या पाठोपाठ येते.

एक घरगुती उदाहरण सविस्तर पाहू. घरापासून कार्यालयापर्यंत जाण्याचे दोन रस्ते आहेत आणि दुसरा रस्ता जवळचा पडतो, असा तुमचा संशय आहे. इथे पहिली चूक अशी होते की, ज्या दिवशी उशीर झालेला असतो त्याच दिवशी माणूस दुसरा रस्ता धरतो. मग रस्त्यांची तुलना न होता घाईचे दिवस आणि निवांत दिवस यांची तुलना होते. म्हणून रोज निघताना नाणे उडवून रस्ता ठरवा किंवा चोवीस चिठ्ठ्या करून रोज एक उचला. समजा, बारा दिवस पहिल्या रस्त्याने जाऊन सरासरी ४१.२ मिनिटे लागली आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती विखुरले आहेत ते माप, ६ मिनिटे आले. बारा दिवस दुसऱ्या रस्त्याने सरासरी ३७ मिनिटे आणि प्रमाण विचलन ४.५ मिनिटे आले. फरक ४.२ मिनिटांचा आहे. दोन्ही विचलने वेगळी असल्यामुळे ती समान आहेत असे न मानणारी वेल्चची टी-कसोटी घेऊ. फरकाची प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने हा फरक साधारण किती हलू शकतो ते माप) म्हणजे ३६ भागिले १२ आणि २०.२५ भागिले १२ यांच्या बेरजेचे वर्गमूळ, अर्थात सुमारे २.१७. टी-मूल्य १.९४ येते, स्वातंत्र्याच्या मात्रा (कोष्टकातील ओळ निवडण्यासाठी नमुन्याच्या आकारावरून काढलेली संख्या) सुमारे २० आणि दुबाजू पी-मूल्य (फरक मुळीच नसताना कोणत्याही बाजूने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सुमारे ०.०७.

इथे पुस्तक थांबते आणि ‘शून्य परिकल्पना नाकारता येत नाही’ असे लिहून मोकळे होते. कागदावरचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता: उत्तरानुसार काय वेगळे करणार? दुसऱ्या रस्त्याने जाण्यास काहीही जादा पडत नसेल, तर त्याच रस्त्याने जावे. फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या पल्ल्यात असावा असा अंदाज, उणे ०.३ ते अधिक ८.७ मिनिटे असा आहे, म्हणजे चूक झालीच तर नुकसान काही सेकंदांचे आणि बरोबर निघाले तर फायदा आठ मिनिटांपर्यंतचा. आता हेच आकडे एखाद्या कारखान्यातील दोन यंत्रांचे आहेत आणि दुसरे यंत्र घेण्यासाठी मोठे कर्ज काढावे लागणार आहे अशी कल्पना करा. तेव्हा मी आणखी पुरावा मागेन. गणित तसूभरही बदललेले नसताना निर्णय बदलतो.

पी-मूल्य ५ टक्क्यांहून कमी आले तरच फरक सार्थक मानायचा, या रेषेबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, तरी इथे सांगून टाकतो. ही रेषा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून रूढ केली. पुढे १९३३ मध्ये नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी दोन प्रकारच्या चुकांची चौकट मांडली: नसलेला फरक आहे म्हणणे ही एक आणि असलेला फरक निसटू देणे ही दुसरी. या दोन चुकांची किंमत प्रत्येक व्यवसायात वेगळी असते, त्यामुळे सार्थकता स्तर, म्हणजे ही रेषा, किती ठेवावा याचे एकच उत्तर मी देऊ शकत नाही. निर्णय सहज मागे घेता येत असेल तर १० टक्केही चालतात, आणि तो उलटवता येत नसेल तर मला १ टक्काही सैल वाटतो. मात्र स्तर कोणताही घ्या, तो आकडे पाहण्याआधी लिहून ठेवा.

आकडे आधी पाहिल्याने काय होते, हे समजण्यासाठी एक छोटे व्यावसायिक उदाहरण देतो. ग्राहकांच्या तक्रारी सोमवार ते शनिवार अनुक्रमे २९, १९, १८, १६, १७ आणि २१ अशा आल्या आहेत, एकूण १२०. ‘सोमवारी तक्रारी जास्त येतात, त्या दिवशी माणसे वाढवा’ असे कोणीतरी म्हणते. सोमवारपुरते गणित केले तर अपेक्षित २० च्या जागी २९ आहेत, प्रमाण विचलन सुमारे ४.०८, झेड-मूल्य २.२ आणि पी-मूल्य ०.०३ च्या आसपास. झाले, फरक सार्थक ठरला! परंतु सोमवारच का निवडला? कारण तो सर्वांत उंच दिसला. बुधवार उंच असता तर आपण बुधवारची कसोटी घेतली असती. योग्य प्रश्न असा की, सहाही दिवस सारखेच असते तर आकड्यांत इतका चढउतार दिसणे कितपत स्वाभाविक आहे. त्यासाठी काय-वर्ग कसोटी लावली तर मूल्य ५.६ येते, पाच मात्रांसाठी कोष्टकातील सीमा ११.०७ आहे, म्हणजे हा चढउतार योगायोगाने सहज दिसण्यासारखा आहे. सोमवारचा संशय टाकून द्या असे मी म्हणत नाही. तो पुढच्या दोन महिन्यांच्या ताज्या आकड्यांवर तपासा. ज्या आकड्यांनी संशय निर्माण केला त्याच आकड्यांना साक्षीला बोलावता येत नाही. (आणि काय-वर्ग कसोटीत नेहमी मोजलेल्या संख्याच घाला. टक्केवारी घालून भलतेच मूल्य काढलेले अहवाल मी बरेच पाहिले आहेत.)

आता व्यवसायातील सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न घेऊ, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. संकेतस्थळाचे जुने पान ४,००० जणांना दाखवले, त्यांतील २०० जणांनी खरेदी केली. नवे पान ४,००० जणांना दाखवले, त्यांतील २३६ जणांनी खरेदी केली. म्हणजे ५ टक्के विरुद्ध ५.९ टक्के. दोन प्रमाणांची झेड-कसोटी घेतली की एकत्रित प्रमाण ५.४५ टक्के, फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.५१ टक्के, झेड-मूल्य १.७७ आणि पी-मूल्य ०.०८ च्या जवळ येते. बैठकीत लगेच विचारणा होते, ‘मग सिग्निफिकंट नाही ना? सोडून द्या.’ अशा वेळी मी प्रतिप्रश्न करतो की, एक टक्क्याची वाढ तुमच्यासाठी मोलाची होती का? असेल, तर ती पकडण्याइतका नमुना आपण घेतलाच नव्हता. ५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांपर्यंतची वाढ ८० टक्के शक्यतेने लक्षात यावी, यासाठी ५ टक्के सार्थकता स्तरावर प्रत्येक गटात सुमारे ८,१५० माणसे लागतात. प्रत्येकी ४,००० माणसांत ती वाढ खरोखर असली तरी आपल्याला ती दिसण्याची शक्यता निम्मीच. म्हणजे महिनाभर प्रयोग चालवून आपण जवळजवळ नाणेच उडवले. कसोटीची ही शक्ती, जिला सगळे पॉवर म्हणतात, अभ्यासक्रमात शेवटच्या प्रकरणात येते आणि परीक्षेत बहुधा गाळली जाते. कामात ती सर्वांत आधी लागते.

याच प्रयोगात दुसरा धोका रोज डोकावून पाहण्याचा आहे. सार्थक निकाल दिसला की थांबायचे, नाही दिसला तर चालू ठेवायचे, असे केले तर ५ टक्क्यांची हमी उरत नाही. समान अंतराने पाच वेळा पाहिले आणि प्रत्येक वेळी तीच ५ टक्क्यांची सीमा लावली, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना कधी ना कधी फरक सापडण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. मधूनमधून पाहणे भागच असेल तर त्यासाठी कठोर सीमा आधीच ठरवण्याच्या पद्धती आहेत. पण त्या शिकण्याआधी प्रयोग ठरलेल्या संख्येपर्यंत हात न लावता चालू देण्याची सवय लावून घ्या. गणितापेक्षा हे अवघड आहे, कारण वरिष्ठांना रोज सकाळी आकडा हवा असतो.

एक निरीक्षण म्हणजे काय, या प्रश्नाबाबत माझीच फजिती सांगतो. अगदी सुरुवातीच्या काळात एका पाकीटबंद उत्पादनाच्या कारखान्यात, ५०० ग्रॅमच्या पाकिटांत माल कमी भरला जातो का हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी पट्ट्यावरून ओळीने पंचवीस पाकिटे उचलली आणि वजन केली. सरासरी ४९७.८ ग्रॅम, प्रमाण विचलन ५ ग्रॅम, प्रमाण त्रुटी १ ग्रॅम, टी-मूल्य उणे २.२. चोवीस मात्रांसाठी कोष्टकातील सीमा २.०६४ होती, म्हणून मी आत्मविश्वासाने ‘यंत्र कमी भरते’ असा अहवाल दिला. यंत्राची मात्रा वाढवण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाकिटे भलतीच जड निघाली. त्या यंत्राचा नेम दिवसभरात हळूहळू सरकत असे. सकाळी ते जास्त भरत असे आणि दुपारनंतर कमी. माझी पंचवीसही पाकिटे दुपारच्या काही मिनिटांतली होती. ‘हे यंत्र दिवसभरात सरासरी किती भरते’ या प्रश्नासाठी ती पंचवीस निरीक्षणे नव्हतीच, ते जेमतेम एक निरीक्षण होते. सूत्रात मी निरीक्षणांच्या संख्येच्या (n) जागी २५ लिहिले आणि सूत्राने मुकाट्याने ते मान्य केले. तेथील जुन्या यंत्रचालकाने ‘साहेब, दुपारी का मोजलंत?’ एवढेच विचारले, आणि मला वाटते, त्या प्रश्नातून मी पूर्ण सत्रापेक्षा जास्त शिकलो.

तेव्हापासून मी प्रत्येक उदाहरणात हे विचारतो की, ही निरीक्षणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का. एकाच ग्राहकाच्या दहा खरेद्या, एकाच वर्गातील चाळीस विद्यार्थी, एकाच रुग्णाची रोजची नोंद, हे सगळे त्याच चुकीचे भाऊबंद आहेत. कधी कधी मात्र हेच नाते कामी येते. त्याच बारा कर्मचाऱ्यांचा वेळ जुन्या आणि नव्या पद्धतीने मोजला असेल, तर माणसामाणसांतला फरक वजा करून प्रत्येकाच्या दोन आकड्यांमधील अंतरावर कसोटी घेता येते. तीच जोडीची टी-कसोटी. फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ म्हटले की सावध राहा. गेल्या तिमाहीत सर्वांत कमी विक्री करणाऱ्या दहा जणांना प्रशिक्षण दिले आणि पुढच्या तिमाहीत त्यांची विक्री वाढली, तर जोडीची टी-कसोटी फार देखणे पी-मूल्य देऊ शकते. पण सर्वांत वाईट तिमाही पाहून निवडलेल्या माणसांची पुढची तिमाही प्रशिक्षणाविनाही थोडी सावरतेच. तळच्या वीस जणांतून दहा जण चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर उरलेल्या दहांशी प्रामाणिक तुलना करता आली असती.

घरी करून पाहण्यासाठी मी सर्वांना एक जुना प्रयोग सुचवतो. कपात दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून ओळखता येते असा दावा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रातील शैवालतज्ज्ञ म्युरिएल ब्रिस्टल यांनी केला होता आणि त्यावरून फिशर यांनी १९३५ मध्ये आठ कपांचा प्रयोग मांडला: चार कप एका प्रकारचे, चार दुसऱ्या प्रकारचे, क्रम यादृच्छिक, आणि चवीवरून चार वेगळे काढायचे. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १ आहे. गोष्ट बहुतेकांना माहीत असते, परंतु तिच्यातला कपांच्या संख्येचा मुद्दा सहसा लक्षात येत नाही. सहाच कप घेतले असते तर सर्व बरोबर येण्याची शक्यता २० मध्ये १, म्हणजे नेमकी ५ टक्के, झाली असती. एकही चूक न करणारी व्यक्तीसुद्धा जेमतेम सीमेवर पोहोचली असती. आणि आठ कपांतही एकच अदलाबदल झाली, म्हणजे चारपैकी तीन बरोबर आले, तर तितके किंवा त्याहून चांगले जमण्याची शक्यता ७० मध्ये १७ असल्याने दावा सिद्ध होत नाही. म्हणजे प्रयोग सुरू होण्याआधीच, कागदावर, कोणता निकाल आपल्याला पटेल हे कळते. चहाऐवजी काहीही घ्या, दोन प्रकारचे कागद, दोन आवाज, दोन साबण. पण कपांची संख्या आधी स्वतः ठरवा आणि ती का ठरवली ते लिहा.

पी-मूल्य तोंडी समजावून सांगण्याचाही सराव करा, कारण व्यवसायात तेच करावे लागते. ‘पी-मूल्य ०.०३, म्हणजे फरक खरा असण्याची शक्यता ९७ टक्के’ हे वाक्य मला दर महिन्याला कुठे ना कुठे ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. फरक मुळीच नसता तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक शंभरातून तीन वेळा दिसला असता, एवढेच ते मूल्य सांगते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये याच गैरसमजांबाबत निवेदन प्रसिद्ध केले, यावरून ते किती खोल रुजले आहेत हे दिसते. अहवालात मी फरक आणि त्याचा विश्वास अंतराल पहिल्या ओळीत देतो आणि पी-मूल्य नंतर.

कसोटीच्या निवडीबद्दल थोडक्यात सांगतो. मोजमाप आकड्यात असेल आणि दोन स्वतंत्र गट असतील तर वेल्चची टी-कसोटी. तीच माणसे किंवा तीच दुकाने दोनदा मोजली असतील तर जोडीची. ‘हो-नाही’ असेल तर प्रमाणांची झेड-कसोटी किंवा काय-वर्ग, आणि अपेक्षित संख्या पाचाहून कमी असतील तर फिशरची अचूक कसोटी. मोजमाप आकड्यात असेल आणि दोनापेक्षा जास्त गट असतील तर प्रसरण विश्लेषण. रोजच्या कामातील बहुतांश प्रश्न एवढ्यात बसतात. दुबाजू की एकबाजू, यावर माझे मत दुबाजू असे आहे. आकडे पाहून एकबाजू कसोटीकडे वळणारे अहवाल मी परत पाठवतो.

शेवटी, हाताने की संगणकावर. वर्गमुळे हाताने काढण्यात आता काही हशील नाही, पण एक गोष्ट मात्र एकदा तरी हाताने कराच. रस्त्यांच्या उदाहरणातले तुमचे चोवीस आकडे चोवीस चिठ्ठ्यांवर लिहा, कोणता आकडा कोणत्या रस्त्याचा हे लिहू नका, चिठ्ठ्या नीट पिसा आणि बारा-बाराचे दोन ढीग करा. दोन्ही ढिगांच्या सरासरीतला फरक वहीत नोंदवा, पुन्हा पिसा, पुन्हा नोंदवा. प्रत्येक वेळी मिळणारा फरक हा रस्त्यांमध्ये काहीच भेद नसलेल्या जगातला फरक आहे. शंभर वेळा केलेत तर वरच्यासारख्या आकड्यांत सहा-सात वेळा, दोन-चार कमी किंवा जास्त, ४.२ मिनिटांचा किंवा त्याहून मोठा फरक कोणत्या ना कोणत्या बाजूने येईल, आणि संगणकाने दिलेले ०.०७ कुठून आले ते तुमच्या वहीत दिसेल. वीस-तीस वेळा हाताने झाले की उरलेले काम स्प्रेडशीटकडून करून घ्या. तिथे यादृच्छिक संख्यांच्या स्तंभाने क्रम लावला की पिसणे होते. चिठ्ठ्या मात्र एकाच मापाच्या कागदावर, एकाच शाईने लिहा. माझ्या एका विद्यार्थ्याने दोन्ही रस्ते दोन रंगांत लिहिले होते आणि नकळत तो दर वेळी दोन्ही ढिगांत सहा निळ्या आणि सहा लाल चिठ्ठ्या ठेवत होता.